पगार आपला, खुर्ची त्यांची

१ जून, ओकायामा

सायोताई,

तुझं पत्र नाही, फोन नाही, म्हणजे तू मजेत असणार. मीही मजेत. मे महिना आवाजी बेटावर कांदे काढण्यात गेला. तिथल्या मालकाचं कुत्रं मला चावलं. कुत्र्याचं नाव ‘अध्यक्ष’ होतं, शपथ. दिवसभर शेतात आरोळ्या, ‘अध्यक्ष, सोड! अध्यक्ष, बस!’ पोटरी बरी झाल्यावर तिथून निघालो आणि इथे ओकायामात येऊन पडलो.

तर बातमी अशी की मला काम लागलं. मी सध्या तू आहे.

थांब, नीट सांगतो. इथल्या एका मोठ्या हॉटेलात रोजंदारीवर खुर्च्या मांडायला गेलो होतो. कार्यक्रम कोणाचा, तर किनोउरा विद्युत. हो, आपलीच. बाबांनी जन्मभर जिच्या जहाजांतून कोळसा उतरवला ती. जूनअखेर त्यांची भागधारकांची वार्षिक सभा असते हे तुला मी काय सांगणार. पण तिची रंगीत तालीम होते हे तुला माहीत आहे का? खरीखुरी तालीम, ताई. मंच, फुलं, पाण्याचे पेले सगळं खऱ्यासारखं. वाकून नमस्कार किती वेळ ठेवायचा ते एक पोरगी घड्याळ लावून बघते. कचेरीतले लोक भागधारक होऊन पुढच्या रांगांत बसतात आणि ‘मंजूर! मंजूर!’ ओरडायचा सराव करतात. आणि एका कारकुनाला व्हावं लागतं खवचट भागधारक. यंदाच्या खवचटाच्या खुर्चीवर कागद चिकटवला होता: नुनोमे सायोको.

मी हातात चार खुर्च्या घेऊन उभाच राहिलो.

तो कारकून बिचारा उठला आणि म्हणाला, “अध्यक्षसाहेब, आपण दमला असाल, तरी एक लहानसा प्रश्न विचारू का?” मला हसू फुटलं. सभेची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या कुबोदेराबाई, लहान केस, मोठा आवाज, गर्रकन वळल्या. “कोण खिदळतंय?”

“ती अशी बोलत नाही,” मी म्हटलं.

“मग कशी बोलते?”

खुर्च्या खाली ठेवल्या. डाव्या कोपराला उजव्या हाताने धरलं, तू धरतेस तसं, कालवं फोडून फोडून दुखतं ते. हनुवटी वर. आणि म्हटलं, “मी किनोउराच्या खाडीत कालवं फोडते. यंदा पाणी इतकं तापलं की निम्म्याहून जास्त शिंपले उघडले तर आत सडका रस. मला भाषण नको. मी विचारते त्याचं उत्तर द्या.”

अध्यक्ष ओतोबेसाहेबांनी पाण्याचा पेला अर्ध्यावर धरलेला.

“कोण रे तू?” बाई म्हणाल्या.

“तिचा भाऊ.”

ते एकमेकांकडे असे बघायला लागले जसं कोणाचं तरी हरवलेलं पाकीट सापडलंय. त्या दिवसापासून खुर्च्या बंद.

आणखी एक, हे फुकट सांगतो. ओतोबेसाहेबांनी विचारलं, हिला थांबवायचं कसं? मी म्हटलं, आधी माफी मागा. कमरेतून वाका, खोल. ती उलट वाकल्याशिवाय राहूच शकत नाही, आईने तसं वळण लावलंय. ती वाकली की माइक तोंडापासून दूर गेला, आणि तिथे तिचं वाक्य मेलं.

साहेबांनी लगेच करून पाहिलं. मी तू होतो, तर माझीही मान आपोआप खाली गेली. सगळे हसले. मीही.

शुन्ता


१० जून

सायोताई,

उत्तर नाही. बरं.

इथे मी राहतो त्या लॉजच्या न्हाणीघरात एक म्हातारा रोज गातो आणि रोज एकाच ओळीला अडकतो. परवा मी पुढची ओळ सांगितली तर रागावला. असो.

तुझा ठराव मी आता पाठ केलाय. तीन हिवाळे तू दारोदार फिरून कारखान्यातल्या निवृत्त म्हाताऱ्यांचे शेअर एकत्र बांधलेस, मांडायला लागतो तेवढा हिस्सा जेमतेम जमवलास, आणि ठराव काय तर कंपनी कुठल्या कुठल्या संघटनांत बसते आणि त्या संघटना हवेच्या, विजेच्या कायद्यांबद्दल सरकारच्या कानात काय सांगतात ते दरवर्षी छापा. मला आधी वाटलं होतं कोळसा बंद करा म्हणत असशील. एवढंच? कानात काय सांगता ते मोठ्याने सांगा, एवढंच?

पण इथे बसून कळलं, त्यांना यापेक्षा कोळसा बंद केलेला परवडला असता.

त्यांचा गुळगुळीत अहवाल बघितलास ना? मुखपृष्ठावर पवनचक्की आणि फुंकर मारणारं बाळ. आत लिहिलंय, सरकारच्या स्वच्छ ऊर्जेच्या ध्येयाला आमचा मनापासून पाठिंबा. आणि उद्योगांचा महासंघ, ज्यात हे बसतात, तो मंत्रालयाला लिहितो की धुरावर कर आत्ताच नको, जुन्या भट्ट्या अजून वीस वर्षं चालू द्या. दरवर्षी तू विचारतेस आणि दरवर्षी ओतोबेसाहेब म्हणतात, महासंघ स्वतंत्र आहे, त्याच्या मतांचा आम्ही आदर करतो. उत्तरांच्या फायलीत ते बाविसाव्या नंबरला आहे. मी पण पाठ केलंय.

तर काल तालमीत मला कंटाळा आला. तेच प्रश्न, तीच उत्तरं. मग मी फायलीत नसलेलं विचारलं. कोपर धरून, तुझ्या आवाजात: “सरकारच्या मसुद्यात महासंघाची वाक्यं जशीच्या तशी कशी येतात? स्वल्पविरामासकट? ही वाक्यं मुळात लिहितं कोण?”

कुबोदेराबाई फाइल चाळायला लागल्या. ओतोबेसाहेब मात्र खुर्चीत मागे रेलले, मस्त हसले. “कोण म्हणजे? आपला इनामुरा लिहितो. पगार आपला, खुर्ची त्यांची.”

पुढच्या रांगा खदखदल्या. एक म्हणाला, “हस्ताक्षर पण आपलंच, साहेब!”

“साहेब,” बाई म्हणाल्या, “हे उत्तर सभेत नको.”

“सभेत हे विचारणार कोण?” साहेब म्हणाले, आणि इनामुरा कुठे बसतो, काय करतो, सगळं खुलवून सांगायला लागले. नेमके तेव्हाच जेवणाचे डबे आले. ताई, ईल माशाचा भात! लाखेच्या काळ्या डब्यात, वर मसाल्याची पुडी वेगळी. बाबा नवीन वर्षाला एकदाच आणायचे आणि शेपटीकडचा तुकडा मला द्यायचे, आठवतं? इथे तालीम असली की रोज. झाकण उघडलं की वाफ येते, आणि आधी नुसता वासच घेत बसावंसं वाटतं.

तर बघ. तू इतकी वर्षं जे विचारतेस त्याचं उत्तर त्यांनी मला दिलं. का, तर मी खोटी तू आहे म्हणून.

शु.


१७ जून

सायोताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तीन वर्षांत पहिलं. ‘शुन्ता, खुर्ची कोणाची?’ एवढंच. ना कसा आहेस, ना पोटरी कशी आहे. कालवातून मोती काढावा तसे शब्द मोजून काढतेस.

खुर्ची कोणाची ते मला माहीत आहे. सांगेन. पण असं नाही.

बाबा गेले तेव्हा मी उत्तरेला माकुळाच्या होडीवर होतो. परत आलो तर घरी अस्थींचं पांढरं मडकं, आणि मडक्याचं झाकण लागलेलं. दहनानंतर दोघांनी दोन बाजूंनी काड्या धरून राखेतलं एकच हाड उचलायचं आणि मडक्यात ठेवायचं असतं. एका बाजूला मुलगी आणि दुसऱ्या बाजूला मुलगा. माझ्या जागी कोण उभं होतं? यासुगीकाका. युनियनचे यासुगीकाका, ज्यांना बाबांनी उभ्या आयुष्यात एकदा उसनी छत्री दिली होती. त्यांनी माझी काडी धरली. पायापासून सुरुवात करून गळ्याच्या हाडापर्यंत तुम्ही दोघांनी बाबांना मडक्यात भरलंत आणि मग बहुतेक चहा प्यायलात.

तर अट साधी आहे. इकडे ये. माझ्यासमोर वाक. ओतोबेसाहेब वाकतील तसं नको, ते घड्याळ लावून वाकतात. जमिनीला कपाळ टेकवून. मग सांगतो.

सभा सत्तावीसला आहे. घाई तुला आहे, मला नाही.

शुन्ता

ता. क. सभेच्या दिवशी मला खरं काम पण आहे. भागधारकांपर्यंत माइक नेण्याचं. काळा कोट मिळणार आहे.


२५ जून

सायोताई,

काल तू खाली मान घालून होतीस, त्यामुळे तुला काही दिसलं नसेल. म्हणून लिहितो.

लॉजच्या दारात तू वाकलीस तेव्हा तो गाणारा म्हातारा अंगावर टॉवेल घेऊन जिन्यात उभा होता. लॉजवाली बाई हातातलं तांदळाचं भांडं तसंच धरून बघत होती. एका चपलेवर तुझे केस पडले होते, आणि चप्पल माझी होती. मी पाय हलवला नाही. तुझ्या मानेवर मागच्या बाजूला उन्हाने काळं पडलंय, आईला व्हायचं तसंच. मी बराच वेळ तुला तसंच राहू दिलं. मला तो वेळ आवडला.

त्याआधी तू म्हणालीस, “उन्हाळा होता, शुन्ता. किती दिवस ठेवणार होते बाबांना? मी फोन करत होते. रोज.”

आणि ती निळ्या कापडात बांधलेली पिशवी पुढे करून म्हणालीस, “हे तुझं...”

मी म्हटलं, “खाऊबिऊ नंतर. आधी वाक.”

तू पिशवी बाजूला ठेवलीस आणि वाकलीस.

मग मी सांगितलं. इनामुरा मंत्रालयात बसतो. ऊर्जेच्या कचेरीत, खुद्द सरकारच्या खुर्चीत, पगार किनोउरा विद्युतचा. तू मान वर केलीस. कपाळावर वाळूचे दोन खडे चिकटलेले. “मंत्रालयात? नक्की?”

“माझ्या कानांनी ऐकलं.”

“शुन्ता, म्हाताऱ्यांनी माझ्यावर विश्वास टाकलाय. नक्की ना?”

“नको असेल तर विचारू नकोस.”

तू पिशवी उचललीस आणि बस पकडायला धावलीस. पिशवी द्यायची विसरलीस. नाहीतरी तुझा खाऊ म्हणजे वाळवलेली कालवंच असणार.

परवा वाकू नकोस. ते वाकतील, तू ताठ राहा. बघ, किती मदत करतो मी.

शु.


२८ जून

सायोताई,

तू वाकली नाहीस. शाबास.

साहेबांनी माफी मागितली, खाडीतल्या कालवांबद्दल मनापासून दिलगिरी, आणि कमरेतून खाली गेले. अख्ख्या हॉलला वाटलं आता तूही जाणार. तुझे खांदे हलले, मी शेजारीच होतो, मला दिसलं. पण मान ताठ. साहेबांना एकट्यालाच वाकून राहावं लागलं. वर आले तर चेहरा लाल. मागून यासुगीकाकांनी टाळी वाजवली. तोपर्यंत तू जिंकत होतीस, हे मी मान्य करतो.

मग तू म्हणालीस, “ऊर्जा मंत्रालयात तुमचा एक नोकर तुमच्या पगारावर बसून सरकारचा मसुदा लिहितो. इनामुरा त्याचं नाव. हो की नाही, एवढंच सांगा.”

‘इनामुरा’ ऐकताच कुबोदेराबाईंच्या हातातली फाइल घसरली. पण ‘मंत्रालय’ ऐकून ओतोबेसाहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तू पाहिलंस ना? घामेजल्या माणसाला वाऱ्याची झुळूक लागावी तसं.

“नाही,” साहेब म्हणाले. “मंत्रालयात आमचा एकही माणूस नाही. आज नाही, पूर्वीही नव्हता. हे मी या सभेत जबाबदारीने सांगतो आणि लेखी द्यायला तयार आहे. नुनोमेबाई, एवढा गंभीर आरोप तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून करताय? सभेला कळू द्या.”

आणि तू माझ्याकडे पाहिलंस.

मी काळ्या कोटात, तुझ्यापासून हातभर अंतरावर. माइकची दांडी आपण दोघांनीही धरलेली होती, तू वरून, मी खालून. माइक चालू होता. मी काहीही बोललो असतो तरी हॉलभर ऐकू गेलं असतं. मला वाटलं आता तू माझं नाव घेणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं: ही बाई कोण, मी ओळखत नाही.

तू नाव घेतलं नाहीस. का घेतलं नाहीस? मला काल रात्रभर त्याचाच राग आला.

पुढच्या रांगा सुरू झाल्या. “मंजूर! मंजूर!” कोणीतरी ओरडलं, “बाई, कालवंच फोडा!” हशा पिकला. तू साहेबांकडे पाठ केलीस, मागे बसलेल्या तुझ्या म्हाताऱ्यांकडे तोंड केलंस आणि त्यांच्यापुढे वाकलीस. खोल. कितीतरी वेळ. मला शिकवलं होतं त्याप्रमाणे तेवढ्यात मी तुझ्या हातातून माइक काढून घेतला. तुझी बोटं सैल होती, जोर लावावा लागला नाही.

बाहेर यासुगीकाका तुला म्हणाले ते मी ऐकलं. “सायोसान, चाळीस वर्षं मी त्या कारखान्यात काढली. लबाड म्हणून कधी कोणी हसलं नव्हतं मला.” तू त्यांनाही काही सांगितलं नाहीस.

जेवण चांगलं नव्हतं. सभेच्या दिवशी नुसते सँडविच देतात.

शुन्ता


१२ जुलै

सायोताई,

पार्सल पोहोचलं. पोस्टाच्या चिठ्ठीवर आतल्या वस्तूच्या रकान्यात तू लिहिलंयस: ‘फुटेल असं’. बाकी एक अक्षर नाही. वर तेच निळं कापड. मी गाठ सोडली. मुठीएवढं पांढरं मडकं. झाकण उघडलं नाही, हलवून पाहिलं. आत एकच तुकडा आहे, कडेला लागून वाजतो. गळ्याचं हाड असणार. ते सगळ्यात शेवटी उचलतात आणि सगळ्यात जवळच्या माणसाने उचलायचं असतं.

म्हणजे ते तू मोठ्या मडक्यात घातलंच नव्हतंस. माझ्यासाठी वेगळं ठेवलं होतंस, तीन वर्षं. आणि त्या दिवशी दारात घेऊन उभी होतीस.

मडकं खिडकीत ठेवलंय. लॉजवाली बाई म्हणाली, इथे असलं चालणार नाही, गिऱ्हाईक पळतील. तर आता कपाटात, बुटांच्या वर.

मला तुला एक सांगायचंय. सभेच्या रात्री कुबोदेराबाईंनी सगळ्यांना दारू पाजली. माझा पेला भरता भरता कानाशी म्हणाल्या, “कमाल केलीस. नाव खरं दिलंस आणि जागा खोटी. तिने महासंघ म्हटलं असतं तर साहेबांना तिथेच घाम फुटला असता. खोटं बोलता आलं नसतं, इनामुराचं टेबल महासंघाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे हे अर्ध्या हॉलला माहीत होतं. मुद्दाम केलंस ना?”

मी पेल्याकडे बघत राहिलो. महासंघ. साहेबांनी तालमीत ते फोड करून सांगितलं होतं म्हणे, दोनदा. मी तेव्हा डब्याचं झाकण उघडत होतो. मला फक्त पगार आणि खुर्ची ऐकू आलं होतं. मंत्रालय मी आपलं घातलं. तू इतकी जमिनीवर टेकली होतीस, तुला काहीतरी मोठं द्यावंसं वाटलं.

“मुद्दामच,” मी म्हटलं.

बाईंनी पाठ थोपटली. एक तारखेपासून मी नोकरीत पक्का झालो. कोट परत द्यावा लागला नाही.

तर आता बरोबर उत्तर लिहितो, जपून ठेव: इनामुरा, महासंघ, तिसरा मजला. तुला त्याचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. यासुगीकाकांनी आणि त्यांच्याबरोबर आणखी काही जणांनी आपले शेअर तुझ्या गाठोड्यातून सोडवून घेतले, बाईंकडे कागद आलेत. ठराव मांडायला लागतो तेवढा हिस्सा तुझ्याकडे आता उरत नाही, आणि तुझ्या तोंडून आता कोणी काही ऐकून घेणार नाही. कालवांचं काय झालं या आठवड्यात? इथे फार उकडतंय.

मी बाईंना विचारलं, पुढच्या वर्षी विचारणारं कोणी नसेल, मग तालीम कशाला? त्या म्हणाल्या, तालीम करावीच लागते, साहेबांना सवय राहते. खवचटाचं काम परत मलाच.

म्हणजे पुढच्या जूनमध्ये मी उभा राहीन, कोपर धरीन, आणि या वेळी बरोबर विचारीन: इनामुरा महासंघात बसून तुमच्या पगारावर लिहितो की नाही? ओतोबेसाहेब मागे रेलून म्हणतील, हो, लिहितो की. पुढच्या रांगा हसतील. मग डबे येतील.

खुर्चीवर कागद तुझ्याच नावाचा राहणार आहे. मी सांगून ठेवलंय त्यांना, अक्षर नीट काढा म्हणून.

शुन्ता